शेवट पाहायच्या आधी उठलीस, गोदे

गोदे, काल कुंभार दारात येऊन उभा राहिला आणि मला घाम फुटला.

त्यानं वावगं काही विचारलं नाही. दरवर्षी विचारतो तेच विचारलं. "आक्का, आखाजी आली जवळ. यंदा घागरी किती ठेवू वं? तीन का चार?"

मी आत गेले, तांब्या उचलला, परत ठेवला, बाहेर आले. तो उभाच. म्हटलं, उद्या सांगते. तो हसला. "घागरी सांगाले बी उद्या?" त्याला काय सांगू? तो गेला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाकरी करपली. गाईला दोनदा पाणी दाखवलं. तुझ्याशी बोलल्याशिवाय हे सुटायचं नाही, आणि तू बोलायला नाहीस. म्हणून लिहायला बसले. माझं लिहिणं चार यत्तांचं. जसं येईल तसं घे.

होळी झाली आणि तू गेलीस. तुझं लुगडं अजून दांडीवर आहे, म्हणून प्रल्हाद कुरकुरतो. म्हणतो, आई, काढ ते आता. माझाच मुलगा तो, पण तुझ्या हातचं जास्त जेवला. त्याला ते बघवत नाही आणि तसं कबूलही करवत नाही. मी फारशी रडले नाही. लोक म्हणाले, एका चुलीवर जन्म काढला आणि डोळ्यांत पाणी नाही. रडायला मोकळं मन लागतं, गोदे. तू मला मोकळी कुठं ठेवलीस? जाताना एक काम गळ्यात बांधून गेलीस.

शेवटच्या दुपारी तुझा ताप उतरला होता. मी तुला पेज पाजत होते. तू मान फिरवलीस आणि म्हणालीस, "आक्का, तो येई. पानी दे त्याले."

मी म्हटलं, "बरं."

आजारी माणसाला बरं म्हणतात, म्हणून म्हटलं. पेज संपव, असं म्हणायचं होतं मला. आता ते 'बरं' रोज पहाटे माझ्या आधी उठून बसतं.

तो म्हणजे वामन. तुझा नवरा, माझा दीर. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो एवढासा होता. त्याचं नाक मी पुसलं, त्याला आंघोळ मी घातली, त्याच्यासाठी तुला बघायला शिरपूरकडे तुझ्या माहेरीही मीच गेले. तुझ्या बोलण्यात आहेला 'शे' आणि सगळ्याला 'बठ्ठा'. आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तू जराही लाजली नाहीस. म्हणालीस, "हासा, हासा. मनं बोलनं तुमले कळस ना? मंग झाले." मला तेव्हाच तू आवडलीस. हे तुला कधी सांगितलं नाही.

वामन धुळ्याला कापसाच्या कारखान्यात लागला. आधी दर महिन्याला यायचा, मग सणाला यायचा, मग सणही चुकले. तिथंच देवपुरात त्यानं दुसरी बाई ठेवली, हे आधी गावाला कळलं, मग आपल्याला. तू पोरीला मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, येईल. मग सोनीला ताप आला. चार वर्षांची पोर. आपण धुळ्याला माणूस पाठवला. माणूस परत आला, निरोप दिला म्हणाला. वामन आला नाही. सोनी गेली तरी आला नाही.

त्या वर्षीच्या आखाजीला यांनी कुंभाराकडून एक घागर जास्त आणली. आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज आणि आंबा ठेवायचा, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणायचं. बाकी गावात एका घरात एकच घागर भरते. आपल्या घरी वाडवडिलांची एक आणि पुढं प्रत्येक मोठ्या माणसाची वेगळी, लहान पोराची भरत नाहीत, ही आपल्या सासऱ्यांची रीत. यांनी वाडवडिलांची भरली, मग दुसरी पुढं ओढली आणि मोठ्यानं वामनचं नाव घेतलं. जिवंत भावाचं. म्हणाले, "पोरीच्या मातीला जो आला नाही तो माझ्यापुरता गेला."

तू चुलीपाशी होतीस. तुझ्या कपाळाला कुंकू होतं. मला वाटलं तू आता उठून घागर फोडशील, किंवा कुंकू पुसशील. तू दोन्ही केलं नाहीस. पुरण वाटत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ती घागर उचललीस, स्वयंपाकघरात तुझ्या कोपऱ्यात ठेवलीस आणि तिच्यातलं पाणी प्यायला लागलीस. घर माठातलं पाणी पीत होतं, तू त्या घागरीतलं. उन्हाळाभर. नदीवर बायका टोमणे मारायच्या, "काय वं गोदा, मेलेल्याच्या नावाचं पानी गोड लागतं का?" तू म्हणायचीस, "गार लागस. पानीले काय कळस, कोन मेला नि कोन जिता शे?" पुढच्या आखाजीला यांनी पुन्हा घागर भरली, तू पुन्हा ती कोपऱ्यात नेलीस आणि जुनीत तुळस लावलीस. हे गेले. यांच्या जागी प्रल्हाद बसायला लागला आणि बापाचा शब्द म्हणून तोही काकाची घागर भरत राहिला. परसात घागरींतल्या तुळशीच किती झाल्या बघ. येणारा-जाणारा म्हणतो, काय धार्मिक घर आहे.

आता सिनेमाचं सांगते, कारण माझा तुझ्यावरचा राग तिथला आहे.

आपल्या गावच्या जत्रेत तंबू यायचा. पुरुष पडद्याच्या पुढं, बायका पडद्याच्या मागं. आपण गोणपाट अंथरून मागच्या बाजूला बसायचो आणि चित्र उलटं बघायचो. सगळी माणसं डावखुरी. नट डाव्या हातानं जेवायचा, आई डावा हात डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्यायची. अक्षरंही उलटी. तू मला कोपरानं ढोसायचीस, "आक्का, तू शिकेल शे, नाव वाच ना." मी म्हणायचे, आधी पुढं जाऊन बसू दे मला पुरुषांत, मग वाचते.

तुला एकच तऱ्हेचा सिनेमा आवडायचा. कुणीतरी वाईट वागतो, घर सोडतो, आईला नाहीतर बायकोला रडवतो. मग त्याच्यावर काहीतरी कोसळतं, त्याचे डोळे उघडतात, तो भर पावसात घरी येतो, पाया पडतो, ती त्याला उठवते, आणि खेळ खलास. तू पदरानं डोळे पुसत बाहेर यायचीस. मी जांभया देत यायचे.

"तुले काहीच वाटत नही का, आक्का?"

"वाटतं. भूक लागलीसं वाटतं."

"मानूस बदलस. देखं ना तू?"

"एका गाण्यात?"

एका सिनेमात नवरा परत येतो आणि बायको गरम पाण्यानं त्याचे पाय धुते. मी तुला विचारलं, पाणी गरम कुणी केलं? ही तर सकाळपासून दारातच उभी होती. तू इतकी चिडलीस की घरापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना एकटीच हसायला लागलीस. "पानी कोनी तपाडं म्हने!"

माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे. हे सिनेमे मिठी मारली की संपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काय, ते कुणी दाखवत नाही. तो उठतो, चहा मागतो. ती देते का? त्याचं अंथरूण कुठं घालायचं? शेजारीण विचारते, आला वाटतं, तिला काय सांगायचं? मी हे म्हटलं की तू गप्प व्हायचीस. तुझ्याकडे उत्तर नव्हतं असं मी समजायचे. मोठी जिंकल्यासारखी झोपायचे.

पुढं माझ्या डोळ्यांवर सारा, तो पांढरा पडदा, वाढला आणि जळगावला डॉक्टरकडे जाणं सुरू झालं. सोबतीला तू. डोळ्यांत औषध घालून घ्यायचं आणि तिथून टॉकीजमध्ये जाऊन बसायचं. घरी कळलं असतं तर यांनी दोघींना माजघरात कोंडलं असतं. तिथं बायकांना पडद्याच्या पुढं बसायला मिळायचं. पहिल्यांदा बसलो तेव्हा तू माझ्या कानात म्हणालीस, "आक्का, हाई बठ्ठा सूधं शे!" सगळे उजव्या हातानं जेवत होते.

पण आपल्या गावच्या मोटारीची वेळ आणि पश्चात्तापाची वेळ एकच. वाईट माणसाचे डोळे उघडायला लागले की मी तुझा पदर ओढायचे, ऊठ, मोटार जाईल. तू मागं बघत बघत बाहेर यायचीस. आणि मग सगळा रस्ता मोटारीत उरलेला सिनेमा तू मला सांगायचीस. तो आला, तिनं असं केलं, सासू असं म्हणाली. मी म्हणायचे, तू पाहिलंस? तू म्हणायचीस, "दुसरं काय व्हई?" पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून ऐकायची. एकदा एक बाई तुझा शेवट ऐकून रडली. मी तिला सांगितलं, बाई, हिनं अर्धाच बघितलाय.

एकदाच तू उठली नाहीस. यांना जाऊन वर्ष झालं होतं. मी पदर ओढला, तू माझा हात झटकलास. "जाऊ दे मोटार." मी घाबरले. प्रल्हाद काय म्हणेल, रात्री राहायचं कुठं, गाव काय म्हणेल. पण तुला एकटीला सोडून कुठं जाऊ? बसले. आणि आपण शेवट पाहिला. नवरा आला. पाया पडला. बायकोनं त्याला उठवलं, पाणी दिलं, दोघं हसली. दिवे लागले.

तू रडली नव्हतीस. बाहेर आल्यावर दगडासारखी चालत होतीस. नात्यातल्या एका घरी ओसरीवर आपण आडव्या झालो तेव्हा म्हणालीस, "तिनी चूक करी, आक्का."

"माफ केलं म्हणून?"

"नही. पानी दिधं ते बरं करं. पन तिनी त्याले काहीच इचारं नही."

मी उठून बसले. म्हटलं, तू काय विचारशील?

"मी इचारसू."

"काय पण?"

"ते त्यालेच." आणि कूस बदललीस.

त्यानंतर मी किती वेळा विषय काढून बघितला. दळताना, नदीवर, तू रागावलेली असताना, तू खुशीत असताना. तू सांगितलं नाहीस. आखाजीला दुपारी आपल्या गावच्या आणि पलीकडच्या गावच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात, ती आपली रीतच. त्यात तू पहिली. तुझा आवाज पलीकडच्या पिंपळापर्यंत जायचा. माझी आई म्हणायची तसल्या शिव्याही तुला येत होत्या. मी ऐकत राहायचे, वाटायचं यात कुठंतरी वामनचं नाव निघेल, तो प्रश्न निघेल. कधी निघाला नाही. शिव्या सगळ्या पलीकडच्या पाटलीणबाईच्या वाट्याला.

आणि आता काय झालंय, ते तुला सांगायचं राहिलंच.

परवा तुझा भाऊ सुकदेव आला. बसला, पाणी प्यायला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "आक्का, तो येई राहिना आखाजीले. धुयाले माले भेटना व्हता. म्हने, तिनी घागर माले भरनी शे."

प्रल्हाद तिथंच होता. त्यानं हातातला विळा भिंतीवर मारला. "काकूला अग्नी मी दिला. घागर मी भरणार. त्याची स्वतःची घागर आहे या घरात, ती बघून घे म्हणावं."

"प्रल्हाद, तो येतोय," मी म्हटलं. "येणाऱ्याची घागर कशी भरायची?"

"बाबांनी भरली तेव्हा तो कुठं मेला होता?"

मी सुकदेवला जेवायला वाढलं.

तर असं आहे. तीन घागरी घेतल्या, वाडवडिलांची, यांची आणि तुझी, तर तो जिवंत आहे. चार घेतल्या तर दारात आलेल्या माणसासमोर त्याच्या नावाची आगारी टाकायची. तीन घेतल्या तर मुलगा म्हणेल, आई, बाबांचा शब्द मोडला. चार घेतल्या तर तू. तू काही म्हणणार नाहीस, हेच वाईट.

मला भीती कशाची वाटते सांगू? तो त्या बाईला घेऊन येईल याची. तो म्हातारा झालेला असेल याची. त्याला काय म्हणून हाक मारू याची. तो पाया पडेल आणि मला काहीच वाटणार नाही याची. आणि सगळ्यांत जास्त, तो पाया पडेल आणि मी त्या सिनेमातल्या बायकांसारखी विरघळेन, याची. मला ते करायचं नाही. तो अधिकार माझा नाही. अपराध तुझा केला, सोनीचा केला. माफ करायचं तर तू करायचं होतंस, गोदे, जिवंतपणी. आपल्या वाट्याचं काम दुसऱ्याच्या पदरात टाकून जायचं, ही कसली रीत? पाणी दे म्हणालीस. नुसतं पाणी दे, एवढंच का? की त्यात बाकीचंही आलं? निदान तो प्रश्न तरी सांगून जायचं होतंस.

आज सकाळी कुंभाराला चार सांगितल्या. सांगितलं आणि लगेच वाटलं, परत बोलवावं. पण तीन सांगायलाही जीभ उठत नव्हती. घरात असूद्या, असं म्हणाले त्याला. घागर काही सडत नाही.

*

वरचं लिहून ठेवलं होतं. मध्ये आखाजी होऊन गेली. आता पुढचं लिहिते.

आखाजीला उजाडल्यापासून मी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. प्रल्हादची बायको पुरणाचं बघत होती. गावात झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, मला ती गाणी कानात कुसळासारखी टोचत होती. जळगावची पहिली मोटार आली. त्यात तो नव्हता. मला बरं वाटलं आणि लगेच रागही आला. या खेपेलाही येणार नाही, बघ. दुसऱ्या मोटारीतून उतरला.

एकटाच होता. केस पांढरे. उजवा पाय जरा ओढत चालत होता. काखेत पिशवी आणि हातात एक खरबूज, पांझरा नदीच्या वाळूतलं असेल. ओट्याच्या खाली येऊन उभा राहिला. वर चढेना. पाया पडेना. मी केवढी तयारी केली होती त्या पाया पडण्याची, आणि तो नुसता उभा. आता मी काय करू?

मी आत गेले. माठाकडे गेलेला हात मागं घेतला आणि तुझ्या कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्या भरला. गेल्या आखाजीची, त्याच्याच नावाची. तू शेवटपर्यंत तिच्यातलंच पाणी प्यालीस. तुझ्यामागं मी ती भरत राहिले, का ते ठाऊक नाही. तांब्या त्याच्या हातात दिला. तो उभ्यानंच प्यायला. तांब्या पुढं केला.

"अजून आहे का, वहिनी?"

"आहे."

दुसरा तांब्याही प्यायला. तुझं काम झालं, गोदे. तेवढं तुझं होतं, ते केलं. पण माझी सुटका झाली नाही.

"वर ये," मी म्हटलं. नुसतं वामन म्हणाले. भाऊजी तोंडातून आलं नाही. तो ओट्याच्या कडेला बसला. मी विचारलं, "ती?"

"आहे. देवपूरलाच आहे. तिला बोललो, हे मला एकट्याला जायचं."

म्हणजे टाकून आला नाही, सुधारून आला नाही. जसा होता तसाच, फक्त म्हातारा. माझ्या मनात आलं, गोदे, हा तुझ्या कुठल्याच सिनेमात बसला नसता.

मग मी सांगितलं. "वामन, तिनं तुला एक विचारायचं ठेवलं होतं."

त्यानं मान वर केली. "काय?"

"मला सांगितलं नाही. तुलाच विचारणार म्हणाली होती. काय ते तूच बघ."

तो बराच वेळ खरबुजाच्या सालीवरून अंगठा फिरवत बसला. प्रल्हाद दाराच्या चौकटीत येऊन उभा होता, ते त्याला दिसत होतं.

"सोनीचं असेल," तो म्हणाला.

"असेल."

"निरोप पोचला होता, वहिनी. वेळेत पोचला होता. मी मोटारीच्या अड्ड्यावर आलो पण होतो."

"मग?"

"भ्यालो."

"कशाला भ्यालास?"

"तिच्या तोंडाकडं पाहायला. पोरीला काही झालेलं असलं तर तिच्या तोंडाकडं कसं पाहू, म्हणून. मोटार माझ्यासमोर निघून गेली. मग दुसऱ्या दिवशी तर अजूनच भ्यालो. मग रोज."

मी वाट बघत होते की आता तो काहीतरी कारण सांगेल. कुणी अडवलं, आजारी होतो, त्या बाईनं शपथ घातली. पुढं काही आलंच नाही. तेवढंच होतं. एवढ्याशा भीतीवर कुणी गाणं रचत नाही, म्हणून सिनेमात ती कधी येत नाही. आणि तेवढ्यासाठीच मला ते खरं वाटलं. राग उतरला नाही. राग होता तिथंच होता, पण आता त्याला पाय फुटेनात.

आत प्रल्हाद पाटावर बसला. वाडवडिलांची घागर भरली. बापाची भरली. तुझी पुढं घेतली, पाणी ओतलं, तुझं नाव घेतलं. वामन उंबऱ्याबाहेर होता. घागर मी भरणार असं काही म्हणाला नाही. त्यानं नुसतं खरबूज उंबऱ्याच्या आत सरकवलं. प्रल्हादनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण आपलं ठेवलेलं खरबूज काढून ते तुझ्या घागरीवर ठेवलं.

मग त्याचा हात चौथ्या घागरीवर गेला आणि थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. यांचा फोटो भिंतीवर. सून निखारे घेऊन उभी. सगळं घर माझ्या तोंडाकडे. गोदे, त्या क्षणी मला तुझी इतकी गरज होती की तुला शिवी द्यावीशी वाटली.

"पालथी ठेव ती," मी म्हटलं.

"आई, बाबांनी..."

"ते गेले तेव्हा त्यांना अग्नी दिलेला मी बघितलाय. याला पाणी दिलं ते पण मी बघितलंय, दोन तांबे प्यायला. पालथी ठेव."

त्यानं ठेवली. भिंतीला लावून, जोरातच. फुटली नाही. जेवताना तो काकाच्या पंगतीला बसला नाही, नंतर जेवला. वामनचं अंथरूण कुठं घालायचं, हा प्रश्न मी तुला सिनेमावरून घातला होता ना? ओट्यावर घातलं. आत घालवलं नाही माझ्यानं.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी उठले तर ओट्यावर अंथरुणाची घडी होती आणि तो नव्हता. गेला म्हटलं, न सांगता, परत तेच. विहिरीकडून रहाटाचा आवाज आला. तो चौथी घागर घेऊन पाणी आणायला गेला होता. पाय ओढत आला, घागर परसात तुळशींच्या सावलीला ठेवली, वर ताट झाकलं. त्या तुळशी कुणाच्या घागरींत लावलेल्या आहेत ते त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही. सांगेन कधीतरी. नाहीही सांगणार.

चहा मागितला नाही. मी दिला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आक्का, पाहुना आला वाटतं?" मी म्हटलं, "हो, पाहुणाच." सगळं तसंच झालं जसं मी म्हणायचे, कुणालाच काय करावं ते कळत नव्हतं. मळ्यातून आलेला प्रल्हाद घामाघूम झालेला. केळीला पाणी देऊन आला होता. तुळशीपाशी गेला, ताट काढलं, तांब्या बुडवला आणि प्यायला. कुणी भरलं ते त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा बुडवला तेव्हा मी आत निघून गेले.

दुपारच्या मोटारीनं वामन गेला. मोटारीत चढताना म्हणाला, "पित्रांत येईन, वहिनी." मी 'बरं' म्हटलं नाही. एकदा म्हटलं ते पुरे झालं. ये, असंही म्हटलं नाही. त्याच्या हातात सांजोऱ्यांचं फडकं दिलं आणि मोटार वळेपर्यंत उभी राहिले. आता रोज वाटतं, येईल का. येईल तर प्रल्हाद बोलेल का. नाही आला तर पुढच्या आखाजीला कुंभार पुन्हा दारात उभा राहील आणि मी पुन्हा तांब्या उचलेन, ठेवेन. माफ केलं का त्याला? नाही. मला ते जमलं नाही, आणि तुझ्या वतीनं करणं बरोबर नव्हतं. त्याच्या नावाची घागर मात्र तो जिवंत असेतो पुन्हा भरायची नाही, एवढं प्रल्हादला सांगून ठेवलंय.

तुझं लुगडं काल दांडीवरून काढलं. माझ्या उशाखाली आहे.

प्रश्न काय होता ते मला आता कळायचं नाही. तू नेहमीसारखीच निघालीस, गोदे, मागं बघत बघत, वाईट माणसाचे डोळे उघडायच्या सुमारास. या खेपेला पदर मी ओढला नव्हता. आजवर तू न पाहिलेले शेवट मला सांगितलेस. हा मी बघते. खोटं काही घालणार नाही त्यात. मोटार गेली तर जाऊ दे. मी बसले आहे.